उजेड कुठे पडतो ते आधी पाहा

डिचोलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे:

"मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली चार वर्षे सुटीच्या दिवशी एका गटाबरोबर सत्तरीच्या डोंगरांत आणि काणकोण-पेडण्याच्या किनाऱ्यावर चालायला जाते. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला. त्याच्यासोबत आलेली अठरा-पंचावन्न मिलिमीटरची लेन्सच अजून वापरते. डोळ्यांसमोर आभाळाला टेकलेला सह्याद्री माझ्या फोटोंत बुटका आणि फिकट दिसतो, आणि समुद्राचे फोटो सगळे एकाच सूर्यास्ताच्या प्रती वाटतात. शिवाय मी फोटोसाठी थांबले की गट पुढे निघून जातो. गेल्या डिसेंबरमध्ये उतरताना मी अशीच मागे राहिले, काळोख झाला आणि अर्धा तास रानात एकटी होते. तेव्हापासून घरची मंडळी रागावतात. एका परिचितांनी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि आणखी रुंद कोनाची लेन्स घ्यायला सांगितले आहे. त्याला लाखाच्या वर खर्च येईल. कॅमेरा बदलू, गट बदलू, की हा नादच सोडू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मला दोनदा वाचावे लागले, कारण पहिल्या वाचनात मन त्या अर्ध्या तासापाशीच अडकले. कॅमेरा बदलू नका आणि नाद तर मुळीच सोडू नका. गटाविषयी पुढे लिहितो. पण तुमचे फिकट फोटो आणि तुमचे रानात एकटे पडणे या मला दोन निरनिराळ्या तक्रारी वाटत नाहीत. दोन्हींचे मूळ दिवसाच्या आखणीत आहे. चांगल्या जागी तुम्ही उजेड संपल्यावर किंवा उजेड यायच्या आधी पोहोचता, आणि मग हातून निसटलेले थोडे तरी मिळावे म्हणून नको तितका वेळ थांबता.

आपल्या गोव्याची ठेवण डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये जेमतेम साठ किलोमीटरांची रुंदी. आपला सूर्य डोंगराआडून वर येतो आणि पाण्यात बुडतो. त्यामुळे डोंगरावर सकाळी निघून दुपारच्या आत माथा गाठायचा आणि सूर्यास्ताला किनाऱ्यावर जायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. चालण्यासाठी ती चांगली असली तरी छायाचित्रासाठी ती बहुतेक वेळा उलटी पडते. सह्याद्रीची गोव्याकडची बाजू पश्चिमेला तोंड करून उभी आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीशी असतो, म्हणून कडे सावलीत राहतात आणि त्यांच्यावरचे आभाळ पांढरे फटक दिसते. अकरा-बारा वाजता तुम्ही माथ्यावर असता तेव्हा सूर्य डोक्यावर येतो आणि सावल्या पायाखाली गोळा होतात. घळी, सोंडा, कपारी हे सारे सावलीमुळेच उठून दिसते, म्हणून सावली गेली की डोंगर कागदावर चिकटवल्यासारखा सपाट होतो. तोच डोंगर दुपारी चारनंतर पाहा. उजेड पश्चिमेकडून तिरका येऊन कड्यावर पडतो, प्रत्येक घळ वेगळी होते आणि झाडीच्या हिरव्या रंगात सोनेरी कड उमटते.

किनाऱ्यावर याच्या बरोबर उलट घडते. संध्याकाळी सूर्य समोर असल्यामुळे खडक काळे पडतात, माणसे काळी पडतात आणि चित्रात लाल आभाळाशिवाय काही उरत नाही. तुमचे फोटो एकाच सूर्यास्ताच्या प्रती वाटतात ते यामुळेच. सकाळी सात-साडेसातला याच वाळूवर उभे राहा. उजेड तुमच्या पाठीमागून, माडांच्या शेंड्यांवरून येतो आणि थेट लाटेच्या छातीवर पडतो. फुटायच्या क्षणी लाटेच्या पोटातला हिरवा रंग दिसतो, वाळूवरच्या लहानशा सुरकुतीलाही सावली असते, आणि रात्रीच्या भरतीने पुसून काढलेल्या किनाऱ्यावर अजून कोणाचे पाऊल उमटलेले नसते. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहत असल्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणीही बऱ्यापैकी शांत असते. दुपारी खारे वारे सुरू झाले की ते बदलते.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते लक्षात ठेवले नाहीत तर तुम्ही मला दोष द्याल. काब द रामच्या किल्ल्याखालचे पश्चिमेचे कडे सकाळी सावलीत असतात. तिथे दुपारी चारनंतरच जावे. याउलट पाळोळ्याच्या उत्तर टोकाचे बेट आणि त्याच्या पायाशी असलेले ग्रॅनाइटचे गोल धोंडे सकाळच्या उजेडात समोरून उजळतात. सूर्यसुद्धा वर्षभर एकाच जागी मावळत नाही. डिसेंबरअखेर तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे चोवीस अंश दक्षिणेला असतो आणि जूनअखेर जवळजवळ तितकाच उत्तरेला. म्हणून किनाऱ्यातून पुढे घुसलेल्या एखाद्या भूशिराची दक्षिण बाजू थंडीत तिरक्या उजेडात न्हाऊन निघते, आणि उन्हाळ्यात ती तितकी खुलत नाही. कोणत्याही जागी पहिल्यांदा जाल तेव्हा सूर्य कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा उजेड कशावर पडतो, एवढेच वहीत लिहून परत आलात तरी तो दिवस वाया गेला असे समजू नका.

आता डोंगर बुटका का दिसतो ते पाहू. तुमच्या परिचितांचा सल्ला पाळलात तर ही तक्रार वाढेल. रुंद कोनाची लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या करते आणि दूरच्या वस्तू मागे ढकलते. अठरा मिलिमीटरवर तुम्ही घाटाचा फोटो काढता तेव्हा चौकटीत आभाळ, पायाखालचा सडा, दोन्ही बाजूंची झाडे असे सारे काही येते आणि ज्यासाठी थांबलात तो डोंगर मधल्या एका पट्टीत मावतो. प्रत्यक्षात तिथे उभे असताना तुमचे लक्ष फक्त त्या कड्यावर असते. बाकीचे मन आपोआप गाळते. कॅमेऱ्याला हे गाळणे जमत नाही, ते तुम्ही करायचे असते. त्याच जागेवरून तीच लेन्स पंचावन्नवर फिरवा, डोंगर चौकटीत तिप्पट मोठा होईल. पंचावन्न ते दोनशे किंवा अडीचशेची एखादी हलकी लेन्स वापरलेली मिळाली तर डोंगरासाठी ती अवश्य घ्या. आपल्याकडे थंडीत दूरवर जे धुरकट वातावरण असते, ते या लेन्समुळे दोष न राहता उपयोगाला येते, कारण एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगरांच्या ओळी पुढची गडद, मागची फिकट, त्यामागची आणखी फिकट अशा सुट्या होतात आणि चित्राला खोली येते. अगदी स्वच्छ, दूरपर्यंतचे झाड न्‌ झाड दिसणारी हवा हवी असेल तर पाऊस नुकताच ओसरलेले दिवस गाठा. ऑक्टोबरमधल्या सरीनंतरच्या संध्याकाळसारखी हवा मला तरी वर्षात दुसऱ्या वेळी मिळालेली नाही.

मोठेपणा कळण्यासाठी चौकटीत ओळखीचे काहीतरी लहान असावे लागते. चोर्ला घाटाच्या वळणावर चाललेली बस, उतारावरचे एखादे कौलारू घर, माळावर चरणारी गुरे यांपैकी काहीही चालेल. गटातल्या कोणाला कड्याच्या टोकावर उभे करून हे साधू नका. जांभा दगड वरून अभंग दिसतो, पण खालून पोखरलेला असू शकतो, आणि समुद्राकाठच्या जांभ्याच्या कड्यांना तर लाटा वर्षानुवर्षे खालून खात असतात.

यातून तुमच्यापुढे पेच उभा राहील. डोंगराचा उजेड संध्याकाळचा, आणि संध्याकाळी रानात थांबले तर गेल्या डिसेंबरची पुनरावृत्ती. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो आणि आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो. दाट झाडीखाली, त्यातही घळीत, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच पाऊलवाट दिसेनाशी होते. गवे पाण्यावर आणि चरायला बाहेर पडण्याचीही ती वेळ असते. म्हणून माझा नियम असा, की संध्याकाळचा डोंगर टिपायचा तो डोंगरावर न जाता, त्याच्या समोरून आणि रस्त्यालगतच्या जागेवरून. सत्तरीतल्या केरीला, अंजुणे धरणाच्या परिसरात, घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले की पूर्वेकडच्या सोंडांवर मावळतीचा उजेड पडलेला दिसतो, आणि काळोख झाला तरी गाडी दहा पावलांवर असते. डोंगर नीट दिसण्यासाठी त्याच्यापासून थोडे दूरच असावे लागते, म्हणून यात तुम्ही काही गमावतही नाही.

मग रानात जायचे ते सकाळी, आणि रानाच्या आतले टिपायला. पश्चिम उतारावरचे व्हाळ आणि धबधबे सकाळी उशिरापर्यंत सावलीत असतात, आणि वाहत्या पाण्याला अशीच एकसारखी सावली मानवते. ऊन-सावलीचे कवडसे पाण्यावर पडले की फेसाचा तपशील जळून नुसते पांढरे डाग उरतात. तिपाईवर कॅमेरा ठेवा, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) शंभर, लेन्सचे छिद्र एफ आठ ते अकरा आणि शटर पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत बदलत पाहा. पाण्याचे रेशमी धागे दिसावेत पण त्याचा जोरही कळावा, असा एक आकडा प्रत्येक प्रवाहाला असतो आणि तो तिथेच शोधावा लागतो. फार लांब शटर ठेवले की पाण्याचे दूध होते. मला ते आवडत नाही. ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चकाकी असते, तिच्यामुळेच हिरवा रंग फिका पडतो. त्यासाठी ध्रुवक फिल्टर, ज्याला दुकानात पोलरायझर म्हणतात, तो लावून त्याची कडी हळूहळू फिरवा. एका ठिकाणी चकाकी विझते आणि पानांचा मूळ रंग वर येतो. पाण्याखालचे गोटेही दिसू लागतात. या फिल्टरमुळे उजेड तिपटी-चौपटीने घटतो, म्हणून तिपाई हवीच. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ रूपात ठेवा, म्हणजे फेसाचा आणि सावलीचा तोल घरी गेल्यावर नीट साधता येईल.

वाकून, गुडघे टेकून, पालापाचोळ्यावर बसून फोटो काढणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण नुसत्या चालणाऱ्यापेक्षा त्यांना ती अधिक लागू आहे. सत्तरीत २०१५ सालापासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडींमुळे पसरतो, आणि साधारण डिसेंबर ते मे हा कोरडा काळ, म्हणजे नेमका आपला फिरण्याचा काळ, त्याचा मोसम आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजारीची टोके मोज्यांत खोचा, कीटकरोधक लावा, कॅमेऱ्याची पिशवी पाचोळ्यावर टेकवू नका, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट तपासा. रानातून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो ते आपण होऊन सांगा. मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता वनखात्याला कळवा.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. सत्तरीतले बरेचसे उंच डोंगर १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात येतात, सांग्याकडे नेत्रावळी आणि काणकोणात खोतीगाव ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अठ्ठाविसाव्या कलमात ज्या कारणांसाठी अभयारण्यात प्रवेश देता येतो त्यांत छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा आडवाटेने शिरण्याऐवजी वनखात्याकडे रीतसर अर्ज करावा. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असेल तर ती निमूट पाळावी. देवराईत मात्र सरकारी कागदापेक्षा गावाचा शब्द मोठा असतो. सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या जातीची झाडे दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळे वाकलेल्या गुडघ्यांसारखी चिखलातून वर येतात. त्या मुळांवाटे झाड श्वास घेते. तिथे तिपाईचे पाय रोवणे म्हणजे झाडाच्या नाकावर पाय देणे आहे, म्हणून कॅमेरा हातात धरूनच जे मिळेल ते घ्यावे, आणि आत जाण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे.

समुद्रावर मी अधिक लिहिणार आहे, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी काणकोणच्या एका खडपावर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकाळ किनाऱ्यावर, मी संध्याकाळी एकटा गेलो होतो. सुकती, म्हणजे ओहोटी होती. खडकात ओंजळीएवढे एक डबके राहिले होते. त्यात आकाशाचा गुलाबी तुकडा पडला होता आणि काठावर एक लहान खेकडा नांगी वर करून स्थिर बसला होता. मी तिपाई अगदी खाली करून, पालथा पडून, त्या डबक्यात इतका गुंतलो, की लाटांचा आवाज पाठीमागून येत होता तो आता उजवीकडूनही येऊ लागला आहे, हे माझ्या कानांनी ऐकले पण मनाने घेतले नाही. उठलो तेव्हा मी ज्या दोन खडकांमधून कोरड्या पायांनी आलो होतो तिथे मांडीभर पाणी खळाळत होते. किनाऱ्यावरून पागेर, म्हणजे मासे पकडायचे फेकजाळे, खांद्यावर टाकून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला पाहिले. तो कंबरेइतक्या पाण्यात उतरला, हात दिला, आणि वाळूवर आल्यावर एवढेच म्हणाला, "फोटो मागीर. पयलीं वाट पळे." म्हणजे फोटो नंतर, आधी वाट बघ. त्या दिवसाचा खेकड्याचा फोटो चांगला आला आहे, पण मी तो कधी कोणाला दाखवत नाही.

तेव्हापासून भरती-सुकतीची वेळ पाहिल्याशिवाय मी खडपावर पाय ठेवत नाही. मुरगाव बंदराचे भरतीचे तक्ते सहज मिळतात, आणि पंचांग पाहण्याची सवय असेल तर ढोबळ अंदाज घरच्या घरी येतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती असते. आपल्याकडे ती साधारणपणे सकाळी अकरा-बाराच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे सुकती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. नंतर रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याचा चढ-उतार कमी असतो, पण सूर्यास्ताच्या वेळी पाणी बहुधा भरलेले असते. आता हे छायाचित्रकाराच्या बाजूने वाचा. पौर्णिमेच्या संध्याकाळी खडप लांबवर उघडे पडलेले असते, म्हणून तोच दिवस सर्वांत मोहाचा. पण सूर्य मावळेपर्यंत सुकती उलटून पाणी चढू लागलेले असते, आणि उधाणाचे असल्यामुळे ते भराभर चढते. उजेड जातो तेव्हाच वाटही जाते. पाळोळ्याच्या त्या बेटावर सुकतीला पाण्यातून चालत जाता येते, तिथे गेलेल्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे. सकाळच्या फेरीसाठी मला पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस आवडतात, कारण तेव्हा सुकती सूर्योदयाच्या जवळपास असते. तरीही ताळा तक्त्यावरूनच करा. आपल्याकडे एकाच दिवसाच्या दोन सुकत्यासुद्धा सारख्या खोल नसतात.

खडपावर पोहोचल्यावर तिपाई लगेच मांडू नका. दहा-पंधरा मिनिटे नुसते उभे राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते बघा, खडक कुठपर्यंत ओला आहे ते बघा आणि त्याच्या बरेच वर जागा निवडा. काळपट, तुळतुळीत दिसणारा खडक शेवाळलेला असतो. समुद्राकडे पाठ करून लेन्स बदलू नका. जून ते सप्टेंबर खडपावर उतरूच नये. त्या दिवसांतला समुद्र उंचावरून, दुरून आणि लांब लेन्समधून पाहावा, तो तसाच भव्य दिसतो. लाट परतताना अर्ध्या सेकंदाचे शटर ठेवले तर वाळूवर फेसाच्या रेषा ओढल्या जातात, आणि त्या रेषा चित्र पाहणाऱ्याची नजर समुद्रापर्यंत नेतात. वाळूत तिपाईचे पाय आधी दाबून बसवा, नाहीतर लाट पायाखालची वाळू नेते आणि फोटो हलतो. घरी आल्यावर तिपाईचे सांधे सोडवून गोड्या पाण्याने धुवा.

मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीच्या मोसमात कासविणी अंडी घालायला येतात. तिथे रात्री ताऱ्यांचे फोटो काढण्याची हौस करू नये. विजेरीचा उजेडसुद्धा त्यांना आणि पिल्लांना भुलवतो.

आता गटाविषयी. तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात असे पत्रावरून वाटत नाही, तरी मनात थोडे असेल. ठरल्या वेळी माथा गाठणे हे गटाचे काम आहे, आणि थांबणे हे तुमचे. दोन्ही खरी आहेत, पण एकाच दिवशी एकाच वाटेवर ती नांदत नाहीत. मात्र सर्वांच्या मागे एक जाणता माणूस ठेवणे आणि त्याच्यामागे कोणी राहिले नाही याची खात्री करणे, ही रानात माणसे नेणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. डिसेंबरमध्ये ती पाळली गेली नाही. हे तुम्ही गटप्रमुखांना शांतपणे, पण स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी निघण्यापूर्वीच दोन थांबे मागून घ्या, प्रत्येकी दहा मिनिटांचे, आणि बाकी वाटेवर कॅमेरा पिशवीत ठेवून गटाच्या मधोमध चाला. वाटेत आवडलेली जागा फोनवर टिपून ठेवा. मग महिन्यातला एक दिवस फक्त छायाचित्रासाठी राखा. त्या दिवशी दोघे-तिघेच असावेत, शक्य तर एक त्या गावचा माणूस असावा, अंतर कमी असावे, आणि परतीला वळण्याची वेळ घरी लिहून ठेवलेली असावी. ती वेळ झाली की समोर काहीही उजळत असले तरी वळायचे. हे सर्वांत अवघड आहे, मला अजूनही जड जाते. घरच्यांचा राग या लिहिलेल्या वेळेने जितका निवळेल तितका कोणत्याही समजुतीने निवळणार नाही, म्हणून ती वेळ स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सर्वांना दिसेल अशी लिहा.

खर्चाचे बोलायचे तर लाख रुपये जपून ठेवा. चांगल्या पकडीचे बूट, दीड किलोच्या आतली पण डगमगणार नाही अशी तिपाई, पोलरायझर, जमल्यास ती वापरलेली लांब लेन्स, कपाळावर बांधायची विजेरी आणि हवाबंद डबा, एवढे पुरे. डब्याचे कारण आपली दमट हवा. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि एकदा काचेच्या लेपात शिरलेली बुरशी पूर्णपणे जात नाही. माझी एक आवडती लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र ठेवा, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहू द्या, आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. गाडीत वातानुकूलन असेल तर उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या, नाहीतर गार काचेवर बाहेरची वाफ बसते आणि सकाळचा उत्तम उजेड काच पुसण्यात जातो.

येत्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सुटीला पहाटे पेडण्याकडे निघा. हरमलहून केरीकडे (ही पेडण्यातली केरी, सत्तरीतली नव्हे) चालत, तेरेखोल नदीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत, उजेड कशावर पडतो ते पाहत जा आणि दिवसभरात दहाच फोटो काढायचे असे ठरवा. त्यांतले तीन, आणि शक्य झाल्यास त्याच जागेचा एक जुना फोटो, मला पाठवा. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला तोंड करून काढले ते प्रत्येकामागे लिहा. मी ते नीट पाहून पुन्हा लिहीन.

तुमचा,
सदरलेखक